झेल्याचं रडणं

पहिला शेरा नणंदेनं वाचला तेव्हा पोऱ्या भांडी विसळत होती. दहाबारा वाचून झाले तेव्हा तिच्या हातातलं पातेलं ओट्यावर असं आपटलं, की भिंतीपलीकडच्या म्हाताऱ्यानं तिकडून दोन धपके दिले. नणंद शिलाईच्या मशीनवर बसलेली, मोबाइल दोऱ्याच्या रिळाला टेकवलेला, एक डोळा सुईवर आणि एक पडद्यावर. ती म्हणाली, शेरे पुष्कळ आहेत आणि पातेली मोजकी, तेव्हा जरा बेतानं.

शेरे होते ‘झेल’ या मालिकेच्या संचावर. मालिकेचे सगळे सीझन एका चकचकीत खोक्यात घालून कंपनीनं घरी बघायला विकायला काढले होते, आणि ज्यांनी घेतले त्यांनी विकणाऱ्या साइटवर तारे देऊन आपापली मतं मांडली होती. ‘झेल’ म्हणजे एका शाळकरी पोराची गोष्ट. त्याच्यासमोर काहीही पडायला लागलं की ते हवेतच थांबतं. चहाचा कप, गच्चीवरचा पत्रा, माणूस, पुलावरून घसरलेली बस. पोराचं पडद्यावरचं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही, लोक त्याला झेल्याच म्हणत. मालिका मूळची परक्या भाषेतली. आपल्या भाषेत झेल्या जे बोलायचा, शाळेत ज्या थापा मारायचा, आईशी जो वाद घालायचा, तो सगळा आवाज या ओट्याशी उभ्या असलेल्या बाईचा होता.

बाईचं वय पन्नाशीच्या पलीकडचं. गुडघे कुरकुरतात, चष्मा नसला तर ओळखीचा माणूसही परका, पण गळा मात्र तेरा वर्षांच्या पोराचा. लहानपणी कसलासा ताप येऊन घसा बसला तो पुन्हा नीट उठलाच नाही. शाळेत कविता म्हणायला उभी राहिली की अख्खा वर्ग बाकाखाली तोंड घालायचा. लग्न ठरवायला आलेल्या सासऱ्यांनी दोनदा विचारलं, मुलीला सर्दी झाली आहे का. लग्नानंतर कुणाचाही फोन आला आणि हिनं उचलला की पलीकडून ठरलेलं वाक्य यायचं: बाळा, आईला दे जरा. ती म्हणायची, आईच बोलतेय, आणि तिकडचा माणूस हसून म्हणायचा, मोठा वात्रट आहेस.

शेजारची एक बाई स्टुडिओत गर्दीचे आवाज द्यायला जायची. पडद्यावर बाजार दिसला की पाचसहा जणींनी माइकभोवती उभं राहून गलका करायचा, एवढंच काम. एकदा एक जण कमी पडली म्हणून ती हिला घेऊन गेली. गलका सुरू झाला आणि काचेमागच्या रेकॉर्डिस्टनं मध्येच सगळं थांबवून विचारलं, आत पोर कुणी आणलंय? त्या दिवसापासून ती पोऱ्या. पुढं पडद्यावर जितकी म्हणून पोरं बोलली, चोर पोरं, राजपुत्र, हरवलेली, सापडलेली, तापात बरळणारी, त्यातली निम्मी तरी हिच्या गळ्यातून गेली. घरीही तेच नाव पडलं. नवरा तर तिला चारचौघांतही पोऱ्याच म्हणायचा. तो पाण्याचे मीटर तपासायला दारोदार फिरायचा आणि दिवसभर लोकांची गाऱ्हाणी ऐकून घरी येईपर्यंत त्याचे शब्द संपलेले असायचे. नणंद तेवढी वहिनी म्हणे. ती नवऱ्याची थोरली बहीण. आपला संसार मोडून दोन बॅगा आणि एक शिलाई मशीन घेऊन या घरात आली ती इथलीच झाली. तिची जीभ मशीनच्या सुईपेक्षा वेगानं चालायची.

पण एवढ्या पोरांचा आवाज झालेल्या या बाईचं नाव कधी कुणी वाचलं नव्हतं. टीव्हीवर भाग संपून नावं वर सरकायला लागली की नेमकी साबणाची जाहिरात यायची. मूळ नटांची नावंही त्या फेसात जायची, तिथं आवाज देणाऱ्यांना कोण विचारतो. रेकॉर्डिस्ट तिची समजूत घालायचा, की पोऱ्या, डिस्क निघू दे. डिस्कवर नावं कापत नाहीत, शेवटच्या शिपायापर्यंत सगळी येतात. तेव्हा पोऱ्यानं वर्षानुवर्षं एकाच गोष्टीची वाट पाहिली होती. डिस्क निघेल, घरातल्या तिघांनी समोर बसायचं, भाग संपेल, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येतील आणि त्यात एक ओळ आपली असेल.

शेवटच्या सीझनला पडद्यावरच्या झेल्याला मिशी फुटली आणि कंपनीनं त्याच्यासाठी एक तरणा माणूस आणला. ते पोऱ्यानं गिळलं. मिशीला कोण आडवं जाणार? मागचे सगळे सीझन तर आपलेच आहेत, असं तिनं स्वतःला सांगितलं. मग संच निघाला. नवऱ्यानं पहिल्याच दिवशी दुकानात उभं राहून आणला, तिघं समोर बसली, पहिल्या सीझनचा पहिला भाग लागला, तेरा वर्षांच्या झेल्यानं तोंड उघडलं, आणि त्यातून एक बाप्या बोलला. सगळ्या सीझनमध्ये आवाज एकच हवा म्हणून कंपनीनं नव्या माणसाकडून अगदी पहिल्यापासून पुन्हा बोलून घेतलं होतं. नवऱ्यानं रिमोट उचलून बंद करायच्या आत शेवटची नावं पुढं पळवून पाहिली. नव्याचं होतं. हिचं नव्हतं. त्या संध्याकाळी तो तिघांचाही चहा स्वतः करून घेऊन आला. खोका टीव्हीच्या मागं गेला.

आणि आता हे शेरे.

पहिल्या काही शेऱ्यांत दम नव्हता. एकानं लिहिलं होतं, डबा देखणा आहे पण डिस्क खाचेतून काढताना नख तुटलं, तीन तारे. दुसऱ्यानं लिहिलं होतं, वेळेवर पोचला, अजून फोडला नाही, पाच तारे. नणंद म्हणाली, याचं लग्नही असंच झालं असणार. मग मात्र लोक पेटलेले दिसले. तेरा वर्षांच्या पोराच्या गळ्यात घोगरा बाप्या बसवलाय. माझी मुलं पहिल्या पाच मिनिटांत उठून गेली. झेल्या बोलतोय की त्याचा वर्गशिक्षक? एका बाईनं लिहिलं होतं, की तिचा मुलगा दवाखान्यात होता तेव्हा झेल्याच्या आवाजावर दिवस काढायचा, तो आवाज परत द्या.

पातेलं आपटलं ते मात्र या सगळ्या रागावलेल्या लोकांमुळं. ते तिच्याच बाजूनं भांडत होते, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच. जुना मुलगा. तो मुलगा कुठं आहे. त्या मुलाचा आवाज फुटला असेल, पण जुनं रेकॉर्डिंग होतं ना तुमच्याकडे? एकानं काळजीनं विचारलं होतं, त्या मुलाला काही झालं तर नाही ना? त्याच्याखाली कुणा शहाण्यानं लिहिलं, ऐकलंय की तो गेला. मग काय, त्याच्याखाली रांग लागली. फार लहान वयात गेला. गुणी होता. हात जोडलेली चित्रं, फुलं, मेणबत्त्या.

नणंदेनं पाय पेडलवरून काढला. "वहिनी, तू गेलीस म्हणे."

"लिहा तिथं," पोऱ्या म्हणाली, "की भूत भांडी घासतंय."

नणंद हसली, पण पोऱ्या हसली नाही. एवढी वर्षं कान लावून बसलेली ही माणसं, आणि त्यातल्या एकालाही कधी वाटू नये की हा बाईचा गळा असेल? कंपनीनं कापलं ते पोट भरायला कापलं. यांनी प्रेमानं मारलं होतं. प्रेमानं मारलेल्या माणसानं ओरडायचं कुणाच्या नावानं?

नणंद खाली खाली सरकवत होती. आता शेऱ्यांत एक वेगळीच कुरबुर यायला लागली. कुणी लिहिलं होतं, बोलतो एक आणि रडतो एक. कुणी लिहिलं, नव्या माणसाला रडता येत नाही, बाईसारखा रडतो. आणि एकानं लांबलचक लिहिलं होतं, की दुसऱ्या सीझनमध्ये झेल्या एका हातानं बस तोलून धरतो आणि त्याच वेळी मागं त्याची आई पाण्याच्या टाकीवरून खाली कोसळते, तिथलं त्याचं रडणं ऐकून अंगावर काटा आला, पण पुढच्याच क्षणी तो बोलला आणि सगळ्यावर पाणी पडलं.

पोऱ्यानं ओले हात तसेच कमरेला पुसले आणि टीव्हीमागचा खोका ओढला. डिस्क खाचेतून निघेना. नख तुटलं. ते तिला जाणवलंही नाही.

पडद्यावर झेल्या जिना चढून येत होता. दम लागलेला, धापा टाकत. त्या धापा तिच्या होत्या. मग तो बोलला, ते त्या बाप्याचं. मित्रानं गुदगुल्या केल्या, झेल्या हसला. हसू तिचं. "सोड ना," म्हणाला, ते बाप्याचं. दार लागून बोट चेमटलं, कळवळला तो तिच्या घशातून. पाणी प्यायला, घोट तिचा. तिनं डिस्क बदलून बसचा प्रसंग लावला. झेल्याचा एक हात बसकडं, दुसरा हात मागं आईकडं पसरलेला आणि पोचत नसलेला, आणि मग ते रडणं. ते करताना तिनं बरगडीखाली दोन्ही मुठी रोवल्या होत्या, आधी श्वास धरून ठेवला होता, आणि सोडला तेव्हा तो फाटत फाटत बाहेर आला होता. त्यानंतर तिला कितीतरी वेळ बोलता आलं नव्हतं, रेकॉर्डिस्टशी ती खुणांनी बोलली होती. ते सगळं इथं होतं, जसंच्या तसं. तिचे शब्द तेवढे उचलून फेकले होते आणि श्वास ठेवून घेतले होते. जणू कुणी तिचं घर विकलं होतं आणि तिला आत ठेवून विकलं होतं.

नणंदेनं मोबाइल पालथा ठेवला.

पोऱ्यानं फोन लावला तेव्हा रेकॉर्डिस्टनं आधी आढेवेढे घेतले, मग कबूल केलं. या धंद्यात बोलणं एका पट्टीवर, म्हणजे ट्रॅकवर, आणि धापा, हुंदके, हसणं, कण्हणं दुसऱ्या पट्टीवर वेगळं साठवतात. नव्या माणसाला फक्त बोलण्यासाठी बोलावलं होतं, वेळ कमी होता, आणि दुसरी पट्टी तर तयारच पडलेली होती. स्टुडिओचे मालक म्हणाले, श्वासाला कुठं वय असतं, टाका तीच. त्यानं टाकली. जुळत नाही हे त्याच्या कानाला कळत होतं, पण आजवर तो मालकांना काही बोलला नव्हता, तो आता काय बोलणार. पोऱ्यानं त्याला जे सुनावलं ते ऐकून भिंतीपलीकडच्या म्हाताऱ्यानं या वेळी धपके दिले नाहीत, आवाज कमी केला टीव्हीचा, नीट ऐकू यावं म्हणून.

दोन दिवसांनी मालकांचाच फोन आला. कंपनीनं शेरे वाचलेत, संचाची दुसरी खेप काढायच्या आधी दुरुस्ती करायची आहे, बाई, तुम्हीच हव्यात. पोऱ्यानं फोन ठेवला आणि कपाटातला बरा पोशाख काढून इस्त्री तापत ठेवली. राग होताच, पण त्याच्या खाली काहीतरी हललं होतं. लोकांनी ओरडून ओरडून तो बाप्या काढायला लावला असेल. जुना आवाज परत बसवतील. मग नावही बसवावं लागेल.

"त्यांनी बोलावलंय म्हणजे गरज त्यांची," नणंद तोंडातल्या टाचण्यांमधून म्हणाली. "नाव आधी. बाकी सगळं नंतर. आणि चहा घेऊ नकोस त्यांच्याकडचा, चहा घेतला की तू विरघळतेस."

स्टुडिओ टायरच्या दुकानाखाली तळघरात होता. जिन्यापर्यंत रबराचा वास आणि आत शिरलं की जुन्या गालिचाचा. भिंतींना लावलेला फोम पिवळा पडून जागोजागी खरवडलेला. कुणाकुणाची वाट पाहताना कुणी कुणी नखांनी उकरलेला, त्यात पोऱ्याचाही वाटा होता. मालक खोलीच्या दारापर्यंत सामोरे आले, तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली. हा माणूस फक्त काम फुकटात हवं असलं की उठून उभा राहायचा.

कोपऱ्यातल्या खुर्चीत एक गुबगुबीत, तिशीतला माणूस गुडघे जुळवून बसला होता. तो नवा. तो उठला आणि नमस्कार म्हणाला. आवाज चांगला होता. भरीव, स्वच्छ, पाव सुरीनं कापावा तसा. फक्त तो तेरा वर्षांचा नव्हता.

मालकांनी बराच घोळ घातला. प्रेक्षक किती चोखंदळ झालेत, कंपनी किती नाराज आहे, त्यांचं स्वतःचं डोकं किती दुखतंय. चहा मागवला. पोऱ्यानं कप जागेवरच ठेवला. मग ते मुद्द्यावर आले. लोकांची मुख्य तक्रार काय, तर रडणं बोलण्याशी जुळत नाही. यांना माइकसमोर रडता येत नाही, चारदा बघितलं, हसू फुटतं. तेव्हा बाईंनी तेवढं पुन्हा करून द्यावं. जुनं फार बारीक आहे.

"जरा खालच्या पट्टीत रडाल का?" मालक म्हणाले. "यांच्या आवाजाला शोभेल असं."

पोऱ्याला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तिला वाटलं होतं तसं ओरडणं आलं नाही. आतून कुणी दार लावून घ्यावं तसं सगळं थंड झालं.

"म्हणजे बोलायचं यांनी आणि रडायचं मी."

"तुमच्यासारखं रडणारं आहे कोण?"

"आणि नाव?"

मालक हसले, लहान मुलाच्या प्रश्नाला हसतात तसे. "नावं बोलणाऱ्यांची जातात, बाई. श्वासाला कोण नाव देतं?"

नव्याला बहुधा वाटलं आपणही काही बोलावं. तो म्हणाला, ताई, माझी अवस्था बघा. बिल्डिंगमधली पोरं जिन्यात गाठून हुंदके काढून दाखवतात, बायकोच्या ऑफिसात विचारतात तुझा नवरा घरी पण असाच रडतो का. लोक म्हणतात, बाईसारखा रडतो.

"बाईच रडतेय ती," पोऱ्या म्हणाली. "दुसरं कशासारखं रडेल?"

त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यालाही वाटत होतं, जुना मुलगा कुणीतरी असेल, मोठा झाला असेल. त्यानं एकदा तिच्याकडं पाहिलं, तिच्या चष्म्याकडं, पांढऱ्या केसांकडं, आणि मग मालकांकडं. मालक कपात बघत होते.

पोऱ्यानं सरळ सांगितलं. आत राहायचं तर ती सगळी राहील, बोलण्यासकट, नावासकट. नाही तर सगळी बाहेर. मालक म्हणाले, ते रेकॉर्डिंग स्टुडिओचं आहे, तिनं ते केव्हाच देऊन टाकलंय, बाहेर काढा म्हणायचा हक्क तिला नाही. ती म्हणाली, हक्क नाहीच. पण जे शोभत नाही ते तुम्हीच काढायला निघालात ना? मग ऐका. या माणसाला मी रडवते. आत्ता, इथं. त्याला रडता आलं की पहिल्या भागापासून धापासुद्धा त्याच्या त्यानंच टाकायच्या, आणि माझं जे जे आहे ते माझ्यासमोर पुसायचं. मालकांनी मनात हिशेब घातला आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, बाई रागात स्वतःचंच नुकसान करून घेतेय. त्यांचं चूक नव्हतं.

माइकच्या खोलीत पोऱ्यानं कोपऱ्यातल्या स्टँडचं बैठं लोखंड उचललं, जाड गोल चकती, खाली ठेवली की फरशी दणकते अशी, आणि नव्याच्या हातात दिली. म्हणाली, हात पुढं, ताठ, कोपर वाकवायचं नाही. त्याला वाटलं थट्टा आहे. तो हसायला लागला. काचेमागं रेकॉर्डिस्टनं पडद्यावर प्रसंग लावला, पुलावरून निसटलेली बस हवेत तोललेली, आणि बोट वर केलं.

"त्या बसमध्ये पोरं आहेत," पोऱ्या त्याच्या कानाशी म्हणाली. आवाज अजिबात चढवला नाही. "हात खाली आला की गेली."

तो हसतच होता. तिनं हसू दिलं. मग ती बोलत राहिली, हळू, सलग, श्वास न तोडता. नणंदेनं वाचलेला एकेक शेरा तिला पाठ झाला होता, तो तिनं त्याच्यासमोर मांडला. लोकांनी लावलेल्या मेणबत्त्या सांगितल्या. डबा आवडला म्हणणारे, डिस्क अडकते म्हणणारे, न बघता पाच तारे देणारे. एवढे तारे वाटले लोकांनी, म्हणाली, त्यातला एक कुणाला लागू होतो ते तरी सांग. त्याचे खांदे थरथरायला लागले. हसू ओठांवरून उतरलं, पण डोळ्यांत अजून होतं.

"जिना तू चढतोस, धापा मी टाकते. बोट तुझं चेमटतं, कळवळते मी. तुझी आई पडली त्या टाकीवरून, आणि तुला तिच्यासाठी रडताही येईना, म्हणून मला आणून बांधली तुझ्या घशाला. आणि नाव तुझं. खाली नको येऊ देऊस हात."

"ताई, मी काय केलं?" त्याचा आवाज आता स्वच्छ नव्हता. "मला बोलावलं, मी आलो."

"मीही अशीच आले होते," पोऱ्या म्हणाली. "बोलावलं, आले. रड म्हणाले, रडले. जा म्हणाले, गेले. उद्या तुझ्याहून स्वस्त कुणी सापडला की तुलाही काढतील, आणि लोक तुझ्यासाठी मेणबत्त्या लावतील, आणि तू घरी जिवंत बसून त्या बघशील. हात. हात वर."

तिनं मूठ त्याच्या बरगडीखाली रोवली आणि म्हणाली, श्वास धर. धर. अजून धर. लोखंड त्याच्या हातात हेलकावे खायला लागलं. मानेची शीर फुगली. पडद्यावर मागं टाकीवरून ती बाई निसटली, आणि पोऱ्यानं मूठ काढून घेतली.

जे बाहेर आलं ते देखणं नव्हतं. जाडंभरडं, शेंबडं, मध्येच चिरकलेलं, मोठ्या माणसानं खूप वर्षांनी काढलेलं रडणं होतं ते. चकती पायाशी दणकली आणि तो गुडघ्यांवर बसून रडत राहिला. काचेमागं मालक टाळी वाजवायला निघाले होते, रेकॉर्डिस्टनं त्यांचा हात धरला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच धरला असावा. पोऱ्या भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या मस्तकात तिडीक जात होती, कारण रडणं चांगलं होतं. वाईट असतं तर निदान तोंडावर सांगता आलं असतं.

ती बाहेर आली, रेकॉर्डिस्टच्या शेजारची खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, आता माझं काढ. मालकांनी उद्या करू म्हणून पाहिलं. ती हलली नाही. रेकॉर्डिस्टनं तिची पट्टी बंद केली, नव्याचं रडणं बसवलं, मागं घेऊन प्रसंग पुन्हा चालवला. बस. हात. टाकी. आई. जाडंभरडं रडणं. मग झेल्यानं मान वर केली, आवंढा गिळला आणि म्हणाला, "आई."

"थांब," पोऱ्या म्हणाली. "मागं घे."

त्यानं मागं घेतलं.

"तो आवंढा माझा आहे."

रेकॉर्डिस्टनं चष्मा कपाळावर सरकवला. तेवढा राहू दे म्हणाला. शब्दाला मागून टेकू लागतो, तो काढला तर ‘आई’ उघडी पडते, आणि एवढासा घोट, कुणाच्या कानाला कळतोय? दारातून मालक म्हणाले, अहो सोडा ना बाई आता. मागं नवा येऊन उभा होता, डोळे पुशीत.

"काढ," पोऱ्या म्हणाली.

रेकॉर्डिस्टनं काढला. पडद्यावर झेल्याच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली, आणि कसलाच आवाज झाला नाही.

"आता पहिला भाग लाव," ती म्हणाली, आणि खुर्ची आणखी पुढं ओढली.